पद्मिनीची चार दारं

गाडीचा विषय निघाला की घरातल्या बायका आपोआप चहा ठेवायला उठतात. कुठली घ्यायची, सर्व्हिसिंगला कुठे टाकायची, कधी विकायची, हे सगळं बैठकीच्या खोलीत ठरतं. आपल्या वाट्याला येतो एकच प्रश्न, 'तुला रंग कुठला आवडतो?' आणि घरी येते ती शोरूममध्ये जी तयार उभी असेल तीच. म्हणून मैत्रिणींनो, आज मी मुद्दाम गाडीवरच लिहिणार आहे. तेही एका म्हाताऱ्या गाडीवर, आणि त्यातही फक्त तिच्या दारांवर. दारांवर एवढं काय लिहायचं, असं वाटेल. पण दार आतून उघडून बघितलं, की त्यात शिवण आहे, बेतणं आहे, रंग आहे, पाण्याचा बंदोबस्त आहे. म्हणजे आपलीच कामं की!

ही गाडी माझ्या थोरल्या जाऊबाईंची. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. गाडी आहे प्रीमियर पद्मिनी, १९८६ सालची, फिकट आकाशी रंगाची.

कुर्ल्याची लेक

तरुण मैत्रिणींना ही गाडी ठाऊक असेल ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून. मूळ घराणं इटलीचं, फियाट ११००. पण आपल्याकडे ती बनायची मुंबईत कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी उभी केली. आमच्या सांगलीतलं इंजिनिअरिंग कॉलेज त्यांच्याच नावाचं. सत्तरच्या दशकात गाडीचं नाव बदलून आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झालं. चितोडच्या राणीचं नाव! एक हजार एकोणनव्वद सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलगत हाताचा गिअर, पुढे सोफ्यासारखी सलग सीट. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. गाडी आली की आळीभर पेढे वाटले जायचे. २००० सालाच्या आसपास तिचं उत्पादन थांबलं.

अक्का १९९० साली याच गाडीवर शिकल्या. साडी खोचून हाताचा गिअर टाकणाऱ्या अक्का सांगलीच्या रस्त्यांवर तेव्हा चांगल्याच परिचयाच्या होत्या. २०१६ साली थोरले दीर गेले आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच.

मग आला ऑगस्ट २०१९ चा महापूर. कृष्णेची आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातली घरंच्या घरं पाण्यात होती, तिथे गाडीचं कोण विचारतो? पाणी ओसरल्यावर शेडचं दार उघडलं तेव्हा पद्मिनीच्या काचांच्या खालच्या कडेपर्यंत गाळाची रेघ होती. आधी घर सावरलं, मग लॉकडाऊन आला, आणि गाडी तशीच चिखल अंगावर घेऊन थांबली.

भंगारवाला दोनदा येऊन गेला. पुण्याहून पुतण्या फोनवर म्हणायचा, "आई, देऊन टाक. जागा तरी मोकळी होईल." ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. ती बातमी टीव्हीवर सारखी दाखवत होते. अक्का बघता बघता म्हणाल्या, "त्यांची संपली. आपली अजून आहे." झालं, दिवाळीनंतर काम काढायचं ठरलं.

आधी कागद, मग रंग

रंगाचा डबा उघडण्याआधी आम्ही कागदाची फाइल उघडली. इथे सगळ्या मैत्रिणींनी जरा थांबून वाचा. गाडी अजून दिरांच्याच नावावर होती. समाजकार्याच्या निमित्ताने मी शेकडो घरांत जाते. नवरा गेल्यावर घर, शेत, बँक यांचं बघितलं जातं, पण स्कूटर, ट्रॅक्टर, गाडी वर्षानुवर्षं गेलेल्या माणसाच्या नावावर राहते. नियम असा, की मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ भरायचा. उशीर झाला तर दंड पडतो, पण काम होतं. वाहन तसंच भंगारात दिलं, नोंदणी रद्द केली नाही, आणि उद्या त्या नंबरावर काही भानगड झाली, तर विचारणा आपल्याच दारात येते.

दुसरा गैरसमज पंधरा वर्षांचा. पंधरा वर्षं झाली की पेट्रोल गाडी मोडीतच काढावी लागते, असं अनेकांना वाटतं. तो निर्बंध आहे दिल्ली परिसरातला. आपल्याकडे खासगी गाडीची तपासणी होऊन दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते, हरित कर भरावा लागतो. मात्र हे आता स्वस्त राहिलेलं नाही. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी ते १०,००० झालं. तेव्हा जुनी गाडी ठेवायची हौस असेल, तर हा हिशेब आधी मांडा.

तिसरी गोष्ट रंगाची. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. तो बदलायचा तर आरटीओत नोंद करावी लागते. पुतण्याला लालभडक हवा होता. अक्का म्हणाल्या, "कागदावर आकाशी आहे, माझ्या डोळ्यांपुढेही आकाशीच आहे." विषय संपला.

दाराच्या पोटात काय असतं?

इंजिन आणि ब्रेकचं काम मेकॅनिकने त्याच्या गॅरेजमध्ये केलं. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतंच. दारांचं मात्र अक्कांनी घरी करायचं ठरवलं. सोबतीला मी, अक्कांची नात, आणि आमच्या बचत गटातली एक शिवणकाम करणारी ताई. ही ताई रेक्झिनची दप्तरं आणि बाजाराच्या पिशव्या शिवते. तिचं पुढे येईलच.

दाराच्या आतल्या बाजूला आपण हात टेकवतो तो भाग म्हणजे पॅनेल. जुन्या गाड्यांत हे पॅनेल म्हणजे हार्डबोर्डची पाटी आणि तिच्यावर चिकटवलेलं रेक्झिन. पुराच्या पाण्यात हार्डबोर्ड पापडासारखा फुगतो, पोपडे सुटतात, खालची कड भुगा होऊन पडते. आमच्या चारही दारांची हीच गत होती.

काढायचं काम घाईचं नाही. आधी मोबाइलवर प्रत्येक दाराचे फोटो काढले. मग हात टेकायच्या कठड्याचे स्क्रू, आतली कडी, काच वर-खाली करायचं हँडल. या हँडलला वरून स्क्रू दिसत नाही. मागची चकती आत दाबली, की बारीक पिन किंवा चिमटा दिसतो, तो हलकेच बाहेर ढकलायचा. पॅनेलच्या कडेने मागच्या बाजूला स्प्रिंगच्या क्लिपा असतात. तिथे मधोमध ओढलं की पाटी मोडते. नातीने स्वयंपाकघरातलं रुंद उलथनं आणलं, त्याला फडकं गुंडाळलं आणि एकेका क्लिपेजवळ घालून हलकेच उचकटलं. गरम घावन तव्यावरून सोडवावं तसं! प्रत्येक दाराचे स्क्रू, क्लिपा वेगळ्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी: 'पुढचं उजवं', 'मागचं डावं'. मोडकी पॅनेलं कुणी टाकायला निघालं तर त्याचा हात धरा. नवीन बेतायला तोच आपला कागदी नमुना असतो.

पॅनेल निघालं आणि दाराच्या बुडाशी हाताच्या चार बोटांएवढा गाळ निघाला. वाळून विटेसारखा झालेला. पुराची चार वर्षं त्या दारात बसली होती. अक्का काही बोलल्या नाहीत. खुरपं घेऊन त्यांनी तो स्वतः काढला आणि परसातल्या जास्वंदीला घातला.

इथे एक गोष्ट कळली, ती सगळ्यांनाच उपयोगाची आहे. गाडीच्या दारात पाणी जाणं हा बिघाड नसतो. पावसाचं पाणी काचेवरून ओघळून आत जातंच. म्हणून दाराच्या तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात, तिथून ते बाहेर पडतं. धुळीने, पानांनी, गाळाने ही भोकं बुजली की पाणी आत साठतं आणि दार आतून गंजत येतं. बाहेर फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा बराच गेलेला असतो. तुमची गाडी नवी असली तरी पावसाळ्याआधी ही भोकं एकदा काडीने मोकळी करून घ्या.

आम्ही दारं आतून पाण्याने धुतली, दोन दिवस उन्हात उघडी ठेवली. तारेच्या ब्रशने सुटा गंज खरवडला, उरलेल्या गंजावर तो बसवणारं औषध लावलं, मग रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात आणि वर तेलरंग. एका दाराची खालची कड हाताने दाबली की चुरत होती. तिथे पुट्टी भरून भागत नाही. वेल्डरला बोलावून कुजलेली पट्टी कापून नवा पत्रा जोडून घेतला. गंजावर पुट्टी म्हणजे ओल्या भिंतीवर डिस्टेंपर. एक पावसाळा निघतो, दुसरा नाही.

रंग आणि आपला श्वास

रंगाची छटा कुठून मिळवायची, हा प्रश्न होता. बाहेरचा रंग उन्हाने उडून पांढुरका झालेला. त्याचं उत्तर पॅनेलखालीच मिळालं. पॅनेलच्या वरच्या कडेमागे, जिथे ऊन पोहोचलं नव्हतं, तिथे कुर्ल्याहून आला तेव्हाचा आकाशी रंग जसाच्या तसा होता. हातभर लांब, दोन बोटं रुंद पट्टी. अक्कांनी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हाच. हाच होता." रंगाच्या दुकानातला माणूस तिथे येऊन कार्डं लावून बघून गेला आणि त्याने छटा जुळवून दिली.

आता घरी रंगकाम करायचं म्हणजे काय करायचं आणि काय नाही, हे नीट सांगते. कारण यात हौसेपेक्षा तब्येतीचा प्रश्न मोठा आहे.

जुन्या गाड्यांच्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा घासला की त्याची धूळ उडते, जमिनीवर बसते आणि रांगणाऱ्या पोराच्या हाताला लागून तोंडात जाते. शिशाने लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, गर्भालाही ते बाधतं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखात ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीचे रंग त्या नियमाबाहेरचे. म्हणून आम्ही सगळं घासकाम पाणी मारत, वॉटर पेपरने केलं. आधी २२० नंबरचा, मग ४००, मग ८००. खाली प्लॅस्टिक अंथरलं, त्यावरचा लगदा गोळा करून बांधून टाकला, अंगणात झाडून नाही दिला. ते कपडे वेगळे धुतले. शेजारची सून तेव्हा पाच महिन्यांची होती. तिला कौतुक होतं, ती सारखी बघायला यायची. अक्कांनी तिला स्पष्ट सांगितलं, "बाळंत झालीस की गाडीतून फिरवते, आत्ता इकडे फिरकायचं नाही."

दुसरा धोका पीयू रंगाचा. आजकाल गाड्यांना जो चकचकीत टिकाऊ रंग मारतात, त्यात हार्डनर मिसळतात. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. फवारताना ती श्वासात गेली की दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. तोंडाला रुमाल किंवा औषधाच्या दुकानातला कापडी मास्क याला अजिबात पुरत नाही. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि बंदिस्त बूथ लागतो. म्हणून पीयू रंगाची फवारणी घरच्या शेडमध्ये करायची नाही, म्हणजे नाही.

आम्ही कामाची वाटणी केली. आतला पत्रा, दाराच्या कडा, खिडकीखालची आत दिसणारी रंगीत पट्टी, ही घासून प्रायमर मारून तयार करायची ती घरी. शेवटचा रंग मारायला गाडी पेंटरच्या शेडमध्ये गेली. तिथे जुन्या पद्धतीचा एनसी रंग निवडला. तो लवकर वाळतो, बिघडला तर घासून पुन्हा मारता येतो. मात्र त्याचा थिनर भडकन पेट घेतो, वासाने डोकंही चढतं, तेव्हा मोकळी हवा आणि तोंडाला योग्य मास्क लागतोच, आणि विडी-काडी दूर. पेंटरने दमट दिवस टाळले. "काकू, हवेत ओल असली की हा रंग वाळताना पांढुरका पडतो," असं तो म्हणाला. जानेवारीतलं कोरडं ऊन मिळालं, रंग सुरेख बसला. आधी दाराच्या आतल्या कडा, मग बाहेरचा भाग, हा क्रम. दारं बिजागरीवरून उतरवली नाहीत. पुन्हा बसवताना चारी बाजूंची फट सारखी जुळवणं हे मोठं जिकिरीचं काम असतं.

रंग पुरता वाळल्यावरच दाराच्या पोटात गंजरोधक मेण फवारलं. आधी मेण आणि मग रंग असं केलं, तर मेणाचा अंश लागलेल्या जागी रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे ठिपके पडतात.

ब्लाउज बेतावा तसं

आता आमच्या शिवणाऱ्या ताईंचं राज्य सुरू झालं. जुन्या पाट्यांचे तुकडे जमिनीवर जुळवून त्यावरून जाड पुठ्ठ्याचे नमुने कापले. पुठ्ठा आधी दाराला लावून बघितला, क्लिपांची भोकं जुळतात का ते तपासलं, मगच ३ मिलिमीटरच्या हार्डबोर्डवर आखलं. ब्लाउजचं माप आधी जुन्या कापडावर बेतून बघतो, अगदी तसंच. डावं-उजवं उलट कापलं जाऊ नये म्हणून प्रत्येक नमुन्यावर 'ही बाजू आत' असं लिहिलं.

हार्डबोर्ड कोरा लावायचा नाही. पाठीला आणि विशेषतः कडांना प्रायमर आणि तेलरंगाचे दोन हात दिले, खालच्या कडेला तीन. लाकडाच्या भुशाची पाटी ती, कडेनेच पाणी पिते. क्लिपांची भोकं पाडली, तीही आतून रंगवली.

रेक्झिन शिवताना ताईंनी एक बारकी गोष्ट सांगितली. "रेक्झिनला टीप मोठी घालायची. बारीक टीप घातली की सुईच्या भोकांनी ते पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं." जाड सुई, लांब टीप आणि चुकलं तर उसवायची सोय नाही, कारण पडलेलं भोक बुजत नाही. त्यामुळे टाचण्याही लावायच्या नाहीत, कपड्याचे चिमटे लावायचे. जुन्या पॅनेलवर जशा उभ्या रेषा होत्या, तशाच त्यांनी पातळ फोम आत घालून टिपा मारल्या.

चिकटवायला रबर सोल्युशन. पाटी आणि रेक्झिन दोन्हींना पातळ लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोट लावल्यावर चिकटपणा जाणवेल पण बोटाला लागणार नाही, तेव्हा एकावर एक ठेवायचं. मधून कडेकडे दाबत जायचं म्हणजे हवा राहत नाही. कडेने एक इंच मागे वळवायचं. गोलाईत छोटे काप द्यायचे, गळ्याच्या पट्टीला देतो तसे, नाही तर चुणी पडते. हँडलची भोकं सगळ्यात शेवटी, आणि तीही छोटी. कापलेलं परत जोडता येत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला हवं का?

तुमच्या गाडीची पॅनेलं धड असतील, नुसता रंग उडाला असेल, तर रेक्झिन बदलायची गरज नाही. साबणाच्या पाण्याने, मग स्पिरिटच्या फडक्याने तेलकटपणा पुसून रेक्झिनसाठी मिळणारा खास रंग पातळ पातळ तीन हातांत मारता येतो. दाराला मारायचा तेलरंग रेक्झिनवर मारू नका. तो कडक होतो, रेक्झिन वाकलं की तडकतो, आणि उन्हात चिकट होऊन साडीला लागतो.

बसवताना

नवी पॅनेलं तयार झाली तरी लगेच ठोकायची नाहीत. आधी काचेची मशीन. तिच्या दातऱ्यांना ग्रीस, काच ज्या खाचेतून सरकते तिथलं फेल्ट नवीन. हँडल तात्पुरतं लावून काच दहा वेळा वर-खाली केली. पॅनेल लावल्यावर अडकली तर सगळं पुन्हा काढणं आलं.

मग सगळ्यात महत्त्वाची आणि हमखास विसरली जाणारी गोष्ट, प्लॅस्टिकचा पडदा. पत्रा आणि पॅनेल यांच्यामध्ये जाड प्लॅस्टिक चिकटपट्टीने चारी बाजूंनी लावायचं आणि त्याची खालची कड दाराच्या आतल्या फटीत सोडायची. म्हणजे आत आलेलं पाणी प्लॅस्टिकवरून घरंगळत दाराच्या पोटात पडतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर. कड बाहेर राहिली तर तेच पाणी थेट हार्डबोर्डवर. पॅनेल कुजायला महापूरच यावा लागतो असं नाही, हा पंचवीस-तीस रुपयांचा पडदा नसला तरी साध्या पावसात ते कुजतं.

शेवटी क्लिपा. जुन्या गंजलेल्या टाकून नव्या आणल्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात काही मिळाल्या, राहिलेलं एक हँडल मुंबईच्या चोरबाजारातून आलं. प्रत्येक क्लिप भोकासमोर आली का ते बघून तळहाताने दाबलं. 'टक्' असा आवाज आला की बसली. स्क्रू हाताने, बेताने पिळले. काचा पूर्ण वर असताना चारही हँडलं एकाच दिशेला येतील अशी बसवली. नातीने दार लावलं. पूर्वी पत्र्याचा डबा आपटावा तसा आवाज यायचा, आता नुसतं 'धप्प' झालं. अक्कांनी ते दार आणखी तीनदा उघडून लावलं.

मजुरीचं काय?

आता त्या ताईंबद्दल. काम चालू असताना एक सीटकव्हरवाला येऊन बघून गेला. शिवण बघून खूश झाला, म्हणाला, "बाई, रिक्षाचे हूड आणि सीटा शिवाल का? देतो काम." आणि दर सांगितला तो त्याच्याकडच्या कारागिराच्या निम्मा. का? तर म्हणे, "घरबसल्या करायचं आहे ना तुम्हाला."

ताई 'बरं' म्हणणारच होत्या. नवरा आजारी, दोन मुलं शाळेत, 'बरं' म्हणण्याची सवयच झालेली असते आपल्याला. अक्कांनी मध्येच विचारलं, "दादा, तुमच्या गिऱ्हाइकाला तुम्ही निम्मे पैसे घेता का, बाईनं शिवलंय म्हणून?" तो गप्प झाला आणि निघून गेला. त्या रात्री ताईंना झोप लागली नाही, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. हातचं काम गेलं असं वाटत होतं. अक्कांनाही ते लागलं असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी चार पॅनेलांची मजुरी बाजारभावाने, पावती करून ताईंच्या हातात ठेवली. पावतीवर काय काम, किती नग, काय दर, सगळं लिहिलं. म्हणाल्या, "पुढचा कुणी आला की हा कागद दाखव. हा तुझा दर."

तो सीटकव्हरवाला परत आला नाही. पण तो कागद घेऊन मी आणि ताई तीन दुकानं फिरलो. तिसऱ्याने पाऊण दर कबूल केला आणि दोन महिन्यांनी पूर्ण. आज त्या महिन्याला चार-पाच रिक्षांची कामं करतात. गटातल्या आणखी दोघी त्यांच्याकडे शिकताहेत. दप्तर शिवणारा हात रिक्षाचा हूड शिवू शकतो, हे त्या हाताला माहीत होतं. दर ठरवायला मात्र कुणीतरी पाठीशी उभं राहावं लागलं. बचत गट चालवणाऱ्या मैत्रिणींनो, कर्ज आणि हप्ते आपण चोख लिहितो. बाईच्या कामाचा दर कुठल्या वहीत लिहिला आहे, तेही एकदा बघा.

चौकट : लक्षात ठेवण्यासारखं

• वाहन गेलेल्या माणसाच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करा.
• रंग बदलण्याआधी आरसीवरची नोंद बघा, आरटीओत विचारा.
• जुना रंग कोरडा घासू नका. गरोदर बाई आणि लहान मुलांना कामाच्या जागेपासून लांब ठेवा.
• हार्डनरचा पीयू रंग घरी फवारू नका.
• थिनर, सोल्युशन बंद खोलीत वापरू नका. स्वयंपाकघराजवळ, देवघरातल्या दिव्याजवळ ठेवू नका.
• दाराच्या तळाची भोकं दर पावसाळ्याआधी मोकळी करा.
• पॅनेलमागचा प्लॅस्टिकचा पडदा विसरू नका. त्याची खालची कड दाराच्या आत गेली पाहिजे.
• ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर जुलै २०२१ च्या नियमांनुसार तिची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी करता येते. मात्र ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही.

मार्च २०२४ मध्ये अक्कांच्या नावाचं आरसी आलं. पुतण्या पुण्याहून आला, गाडीला एक चक्कर मारून म्हणाला, "आई, चावी दे, एक फेरी मारून आणतो." अक्का म्हणाल्या, "बस की शेजारी. काच तेवढी खाली कर, नवीन आहे, हँडल जोरात फिरवू नकोस." आणि हाताचा गिअर टाकून त्यांनी गाडी फाटकाबाहेर काढली. शेजारची सून बाळाला घेऊन दारात उभी होतीच. ठरल्याप्रमाणे पहिली फेरी तिची झाली.